गोड म्हटलंत तर हात लावा

"ताई, मला तुझ्या बाळाची शी हवी आहे," असं मी म्हणाले तेव्हा ताईला नववा महिना लागला होता. खुर्चीतून उठायला तिला भावोजींचा हात लागायचा आणि भावोजी कामावर होते. म्हणून ती बसून राहिली आणि आमचं बोलणं पुढे जाऊ शकलं.

"सगळी?" तिनं विचारलं.

"सगळी नको गं. रोज थोडी. चमचाभर."

"म्हणजे उरलेली मलाच. लहानपणीही तुझी वाटणी अशीच असायची, लाली."

ही संमती झाली असं मी धरलं. (शास्त्राला संमती लेखी लागते. तीही नंतर घेतली. ताईनं सहीच्या खाली 'मावशीला वेड लागलं आहे' असं लिहिलं, पण त्यानं सही रद्द होत नाही.)

काम खरोखर लहान होतं. आमच्या मेक्सिकोतल्या पुएब्ला शहरात एका विद्यापीठात डॉ. साराते नावाच्या बाई तान्ह्या बाळांच्या आतड्यांतले जीवाणू अभ्यासतात. त्यांच्या प्रयोगशाळेत सहायकाची एकच जागा होती आणि ती मागणारे आम्ही तिघं. बाईंनी आमच्या गुणपत्रिकांकडे पाहिलंही नाही. एका बाळाचे, अगदी पहिल्या शीपासून बाळंतिणीचे चाळीस दिवस पुरे होईपर्यंतचे, रोजचे नमुने गोठवून आणा. एक दिवसही खंड पडता कामा नये. जो आणेल त्याची जागा. बाकीच्या दोघांना बाळ शोधण्यापासून सुरुवात होती. माझं बाळ इथे त्लास्काला गावात, आमच्याच गल्लीत, आमच्यापासून दोन दारांवर जन्माला येणार होतं. ताईचं सासर आणि आमचं घर यांच्या मधे फक्त गुमारोकाकांचं आइस्क्रीमचं दुकान आहे. इतकं सोपं यश मिळायला नको, असं मला तेव्हा थोडंसं वाटलंही होतं.

विषय मात्र माझ्या फार आवडीचा. नुकत्याच जन्मलेल्या बाळाचं आतडं म्हणजे रंग ओला असलेली नवी इमारत. आधी तिथे कोण राहायला येतं? तर कुठेही भागवून घेणारे, हवा असली तरी चालेल, नसली तरी चालेल असे जीवाणू. ते आतला सगळा प्राणवायू वापरून संपवतात. तो संपला की ज्यांना प्राणवायू अजिबात सोसत नाही ते येतात, आणि तेच पुढे जम बसवतात. त्यांच्या जेवणाचीही सोय असते. आईच्या दुधात काही साखरा अशा असतात की त्या बाळाला पचतच नाहीत. त्या या भाडेकरूंसाठीच असतात.

"म्हणजे मी रात्री जागून त्या किड्यांना पाजणार?" ताई म्हणाली.

"किडे नाहीत. बायफिडोबॅक्टेरिया."

"नाव ठेवलं म्हणून जावई होत नाहीत."

पहिली अडचण जागेची. नमुने गोठवायचे कुठे? आईनं आपला फ्रिज पाठीशी घातला आणि दार अडवून उभी राहिली. "ज्या फ्रिजमध्ये माझा मोले आहे त्यात माझा नातू येणार नाही." मोले म्हणजे आमच्या आईची वर्षाची कमाई, मिरच्या, कोको आणि अहंकार घालून केलेला दाट रस्सा. तेव्हा मी गुमारोकाकांकडे गेले. त्यांच्या मागच्या खोलीत एक जुना फ्रीझर होता, त्यात ते फक्त बर्फ ठेवत.

"डबीत घालणार ना?" काकांनी विचारलं.

"डबी पिशवीत, पिशवी खोक्यात."

"मग मला काय? मात्र कुणी विचारलं तर ते लिंबू आहे."

बाळ सिझेरियननं झालं. आन्सेल्मो. वजन उत्तम, आवाज त्याहून उत्तम. सिझेरियन म्हणजे माझ्यासाठी विषय आणखी रंगला, कारण नेहमीच्या वाटेनं येताना बाळाला आईकडून जे जीवाणू मिळतात ते या बाळांना कमी मिळतात. त्यांच्याकडे आधी पोचतात ते लोकांच्या कातडीवरचे आणि इस्पितळातले. म्हणून डॉ. सारातेंचा नियम कडक होता: संशोधकानं बाळाला उघडा हात लावायचा नाही. संशोधक नमुन्यात सापडता कामा नये.

पण त्याआधी पहिली काळी-हिरवी डांबरासारखी शी इस्पितळातून बाहेर काढायची होती. खिडकीतली बाई म्हणाली, नातेवाइकांना नमुना बाहेरच्या प्रयोगशाळेत नेता येतो, पण अर्जात आजार लिहावा लागेल.

"आजार काही नाही."

"मग नमुना कशाला?"

"बाळ निरोगी आहे म्हणूनच हवा."

"निरोगी माणसाची शी आम्ही देत नाही, सेन्योरिता," ती म्हणाली, आणि तिच्या जागी मी असते तर मीही हेच म्हणाले असते. मला एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर पाठवण्यात आलं. एका साहेबांनी विचारलं की ही वस्तू बाळाची, आईची की सरकारची? यावर खोलीत खरंच चर्चा झाली. शेवटी ड्यूटीवरच्या एका तरुण डॉक्टरनं पेन काढलं, आजाराच्या रकान्यात 'मावशी' असं लिहिलं आणि शिक्का मारला. मी तो अपमान डबीबरोबर घेऊन घरी आले.

ताई सासरी आली आणि दोन्या एर्मेलिंदांचं राज्य सुरू झालं. या ताईच्या सासूबाई; 'दोन्या' हा आमच्याकडे मोठ्या बाईंना मानानं लावायचा शब्द. बाळंतिणीचे चाळीस दिवस आमच्याकडे सासूच्या हाती असतात: खिडक्या बंद, कोंबडीचं सूप, मक्याची गरम पेज, दूध यावं म्हणून घोटभर पुल्के, म्हणजे घायपाताची ताडी, आणि बाळाच्या मनगटाला लाल दोरा, त्यात हरणाच्या डोळ्यासारखी बी. मी त्या खोलीत शिरले ती तोंडावर मास्क, हातात रबरी मोजे, डोक्यावर टोपी अशी. ताई हसली. तिचे टाके दुखले, तिनं मला शिवी दिली.

मी पाळण्यात वाकून पाहिलं. मी शास्त्रज्ञ आहे, पण मावशीही आहे.

"अगं, किती गोड आहे!" मी म्हणाले, आणि हात पाठीमागे बांधून उभी राहिले.

दोन्या एर्मेलिंदांनी सुपाचा चमचा खाली ठेवला.

"हात लाव," दोन्या एर्मेलिंदा म्हणाल्या.

"लावता येत नाही. माझ्या हातावर जे आहे ते त्याच्या पोटात जाईल."

"गोड म्हणालीस ना?"

"गोड आहेच."

"मग हात लाव."

"गोड आहे, पण हात लावणार नाही."

आमच्या गावात याहून वाईट वाक्य बोलता येत नाही. बाळाचं कौतुक केलं की त्याला हात लावायचा, नाहीतर नजर त्याच्यावरच राहते. हे आम्हाला चालायला शिकण्याआधी शिकवलेलं असतं. मीही बाजारात, बसमध्ये, चर्चच्या पायऱ्यांवर अनोळखी बाळांच्या डोक्यांना हात लावत मोठी झाले. आमची बाळं गल्लीतल्या प्रत्येक हाताखालून गेलेली असतात. पण त्या घडीला माझ्यासमोर एका बाजूला गाव होतं आणि दुसऱ्या बाजूला नोकरी.

संध्याकाळी आन्सेल्मो रडायला लागला. तान्ही बाळं संध्याकाळी रडतातच, पुस्तकात आहे. दोन्यांनी पुस्तक पाहिलं नाही, अंडं काढलं. ते बाळाच्या अंगावरून फिरवलं, पाण्याच्या ग्लासात फोडलं आणि ग्लास उजेडात धरला.

"डोळा दिसतोय," त्या म्हणाल्या. मग आणखी जवळ धरून, "चष्मा लावलेला."

चष्मा घरात मी एकटी लावते. मला दाराबाहेर काढण्यात आलं. नजर मी काढेपर्यंत आत यायचं नाही, डबी द्यायची नाही, लंगोट मिळायचा नाही. म्हणजे उद्या दुपारचा नमुना हुकला की मालिका तुटली, आणि मालिका तुटली की पुएब्लाची जागा गेली.

गल्लीनं सल्ले दिले. कुणी सांगितलं, बाळाला बडीशेपेचं पाणी पाजा. त्याला ताईनं आतूनच ओरडून नकार दिला आणि मी बाहेरून टाळ्या वाजवल्या, त्यामुळे बाळ आणखी रडलं. आई म्हणाली, "चुकलीस ती बोलताना. 'बरं आहे' म्हणायचं होतंस. बऱ्या बाळाला दृष्ट लागत नाही." गुमारोकाकांना वेगळीच आशा होती. "त्या दुसऱ्या दोघांची बाळं रडत नसतील कशावरून?"

मी डॉ. सारातेंना फोन केला.

"हात लावायचा नाही," त्या म्हणाल्या.

"बाई, नाही लावला तर लंगोट नाही."

"तुमचं गाव तुम्ही बघा. संशोधक नमुन्यात नको."

त्या उत्तर मेक्सिकोतल्या. तिकडे बाळांकडे नुसतं बघतात म्हणे.

मी हात स्पिरिटनं धुऊन लावीन असा प्रस्ताव दोन्यांकडे पाठवला. उलट निरोप आला: हात जसा आहे तसा हवा, आणि थुंकीनं कपाळावर क्रूसही काढायचा. थुंकी! मी अंगणाच्या कठड्यावर बसून विचार केला, आणि मला माझ्या पदवीचा अभिमान वाटावा असं काहीतरी सुचलं. प्रयोगात एखादी गोष्ट बाहेर ठेवता येत नसेल तर तिला आत घ्यावी आणि मोजावी.

मी निर्जंतुक कापसाची काडी घेऊन सासरच्या दारात उभी राहिले. सगळ्यांसमोर उजव्या तळव्यावरून काडी फिरवली, नळीत बंद केली. दुसरी जिभेवरून फिरवली, तीही बंद केली. मग मोजे न घालता आत गेले, भाच्याच्या कपाळावर थुंकीचा क्रूस काढला आणि त्याला उचलून घेतलं. तो ऊबदार होता आणि त्याला आंबूस दुधाचा वास येत होता. त्यानं एक भला मोठा वारा सोडला आणि तो शांत झाला. नेमकं कशानं शांत झाला यावर आमच्या घरात आजही दोन मतं आहेत आणि दोन्ही ठाम आहेत.

मला त्या दिवसाचा लंगोट मिळाला. तिथेच थांबले असते तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण दोन्या एर्मेलिंदांची नजर काडीवर होती.

"ते हातावर फिरवलंस ते काय होतं?"

"माझ्या हातावरचे जीवाणू. त्याच्या पोटात पुढे माझे कुणी निघाले, तर ते माझे आहेत हे कळायला."

"म्हणजे कोणाचे राहायला आले ते कळतं?"

"बऱ्यापैकी."

त्यांनी बाही मागे सारून तळवा पुढे केला. "माझा घे. त्याला आधी मी घेतलं होतं."

ही बातमी भिंत ओलांडून आईपर्यंत पोचायला फोडणी तडतडण्याइतकाही वेळ लागला नाही. आई हात पुसत आली. विहिणी-विहिणींचं आजवर गोडीत चाललेलं होतं. नाक दोन्यांच्या घराण्याचं आहे हे आईनं जाहीरपणे मान्य केलं होतं. "नाक गेलं तिकडे, जाऊ दे," ती मला स्वयंपाकघरात म्हणाली, "निदान आतडी तरी आपल्याकडची येऊ देत. नीट घास ती काडी." त्या दिवसापासून आई दिवसातून तीनदा नातवाला भेटायला जाऊ लागली आणि भेट म्हणजे दोन्ही तळवे त्याच्या पोटावर. दोन्या मग चारदा फिरवू लागल्या. आन्सेल्मोची पोळी लाटल्यासारखी अवस्था झाली, पण त्याची तक्रार नव्हती.

मग गल्ली. जो येई तो आधी कौतुक करी, मग हात लावी, मग तोच हात माझ्यापुढे धरी. न घेतला तर रागावत. गॅसचा सिलेंडर आणणारा मनुष्य दारातून "काय गोंडस आहे हो" एवढंच म्हणाला, तर दोन्यांनी त्याला सिलेंडर खाली ठेवायला लावून आत आणला. मी सगळ्यांच्या काड्या घेतल्या. शास्त्राच्या दृष्टीनं हा फार सुंदर नमुनासंच होत होता, हे मला कळत होतं. फक्त तो कुणी मागितलेला नव्हता. फ्रीझर भरला. गुमारोकाकांचा बर्फ बादल्यांत भरून पुढच्या दुकानात आला, त्या बादल्या फुटपाथवर आल्या, आणि फुटपाथवरच्या बादल्या पाहून नगरपालिकेचा आरोग्य निरीक्षक आला.

मी तेव्हा दुकानाच्या मागच्या दारात होते. निरीक्षकानं फ्रीझर उघडला, खोकं उघडलं, पिशवी उघडली आणि एक डबी वर काढली. तोवर आन्सेल्मोची शी मोहरीसारखी पिवळीधमक झाली होती. दुधावरच्या बाळाची व्हावी तशी.

"हा कोणता स्वाद?"

"लिंबू," काका म्हणाले. आमचा माणूस शब्दाला पक्का.

"लिंबू इतकं पिवळं?"

"पिकलंय."

"बघू," असं म्हणून निरीक्षकानं खिशातून स्वतःचा चमचा काढला.

"साहेब, थांबा!" मी ओरडले. "तो माझा भाचा आहे!"

माणसाचा चेहरा इतक्या टप्प्यांत बदलू शकतो हे मी तेव्हा पाहिलं. मी सगळं समजावून सांगितलं. प्राणवायू, दुधातल्या साखरा, भाडेकरू. निरीक्षकानं खुर्ची मागितली आणि कागद काढला.

"दुकानात सापडलेला पदार्थ," तो स्वतःशी म्हणाला. "फळ?"

"नाही."

"मांस? दूध?"

"दुधापासूनच झालाय," मी म्हणाले, कारण खरं तेच होतं.

"मग दुग्धजन्य."

"तसं म्हणता येणार नाही."

"बाई, ज्याला रकाना नाही त्याला मी दंड कसा करू?" शेवटी त्यानं ठरवलं की हा पदार्थ त्याला दिसलाच नाही. मात्र तो परत येईल तेव्हा हा फ्रीझर दुकानात दिसला तर दुकानाला सील. मग त्यानं आइस्क्रीम मागितलं. कुठलंही, पण पिवळं नको.

फ्रीझर आमच्या घरी न्यायचं ठरलं. नेताना तो बंद राहणार, आणि डब्या वितळल्या की सगळं गेलं. पण आमच्या गल्लीत आइस्क्रीमचं दुकान आहे, हे मी विसरले नव्हते. काकांनी लाकडी बादली, बर्फ आणि मीठ काढलं. मिठानं बर्फ शून्याच्या बराच खाली उतरतो हे काकांना धंद्यानं आणि मला पदवीनं माहीत होतं, त्यामुळे आम्हाला एकमेकांना काही समजवावं लागलं नाही. भावोजी, गॅसवाला आणि चार शेजारी यांनी फ्रीझर उचलला. माझ्या खोलीच्या दारातून तो आत गेला, पण मग पलंगाला जागा उरली नाही. पलंग अंगणात गेला. मी फ्रीझरच्या पायथ्याशी चटईवर झोपू लागले. दोन्यांनी एकदा येऊन पाहिलं. "याला म्हणतात मावशी," त्या म्हणाल्या. मी त्यांना लगेच माफ केलं नाही, पण जवळजवळ केलं.

चाळीस दिवस पुरे झाले. एकही खंड नाही. मी डॉ. सारातेंना सगळं खरं लिहून कळवलं होतं, थुंकीसकट. त्या स्वतः आल्या. त्यांनी माझ्या खोलीतला फ्रीझर पाहिला, खोकी पाहिली, तळव्यांच्या काड्यांचे गठ्ठे पाहिले आणि चष्मा काढला.

"सित्लाली, काम नीट आहे. पण मालिका बाद आहे. तुम्ही त्याला हात लावलात."

मी हरले असं मला वाटलं नाही. मी चुकले नव्हते, म्हणून मी बोलले.

"बाई, कुणी हात न लावलेलं बाळ तुम्हाला हवंय. तसं बाळ त्लास्कालात जन्मतच नाही. इथे बाळाच्या पोटात काय येतं हे शोधायचं तर हे हात बाहेर ठेवून चालणार नाही. ते सगळे हात या खोक्यात आहेत. माझाही."

"बाकीचे हात चालतील. संशोधकाचा नाही."

दोन्या एर्मेलिंदा चाळीस दिवस फिटल्यावरचं पहिलं ऊन दाखवायला आन्सेल्मोला अंगणात घेऊन आल्या. माझी आई मागोमाग होतीच. डॉ. सारातेंनी वळून पाहिलं. या मुलाबद्दल एक सांगायला हवं: त्या दिवसांत तो नुकताच हसायला शिकला होता आणि माणूस न निवडता हसायचा.

"अरे देवा," डॉ. साराते म्हणाल्या. "काय गोड आहे हा!"

आणि त्यांनी दोन्ही हात कोटाच्या खिशात घातले.

ताई दारात थांबली. आईनं छातीवर क्रूस काढला. मी नियम मोडायला कुणाला सांगणार नव्हते.

"हात लावा, डॉक्टरीणबाई," दोन्या म्हणाल्या.

"मी संशोधक आहे. मी लावत नाही."

"गोड म्हणालात ना?"

आन्सेल्मोचा खालचा ओठ बाहेर आला. मग थरथरला. डॉ. सारातेंनी आयुष्यभर हजारो बाळांच्या डब्या उघडल्या असतील, पण एवढ्या जवळून बाळाचा ओठ पाहिला नसावा. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आभाळाकडे पाहिलं, "च्च" असं म्हणाल्या, उजवा हात खिशातून काढला आणि त्याच्या डोक्यावर ठेवला. तो त्यांचं बोट धरून हसला. त्यांनी हात काढला नाही. बराच वेळ काढला नाही.

काढला तेव्हा मी समोर काडी धरून उभी होते.

"हे काय?"

"तळवा, बाई."

त्या माझ्याकडे पाहत राहिल्या. मग तळवा पुढे केला आणि म्हणाल्या, "सोमवारी सकाळी खोकी घेऊन या. आणि तो पलंग आत घ्या, पाऊस येईल."

निकाल यायला वेळ लागला. आन्सेल्मोच्या पोटात ज्यांनी सगळ्यात चांगला जम बसवला ते ना आईकडचे होते ना दोन्यांकडचे. ते ताईचे होते, जिला काडीसाठी तळवा पुढे करायचीही सवड मिळाली नव्हती. तिची काडी मीच, ती पाजत असताना घेतली होती. "सूप माझंच पीत होती," दोन्या म्हणाल्या. "पोरगी माझीच आहे," आई म्हणाली. ताईनं मान वर न करता आन्सेल्मोला दुसऱ्या बाजूला घेतलं.

आता प्रयोगशाळेची नवी नियमावली मी लिहिली आहे, डॉ. सारातेंच्या सहीनं. तिचा पहिला नियम असा: 'संशोधकानं बाळाचं कौतुक केल्यास त्यानं बाळाला हात लावावा आणि लगेच आपल्या हाताचा नमुना द्यावा.' मी तो दोन्या एर्मेलिंदांना वाचून दाखवला. त्यांनी डोळे मिटून नीट ऐकला.

"चांगलं लिहिलंयस," त्या म्हणाल्या. "थुंकीचं राहिलं."